भ्रमणध्वनीला दावे

"वायर कोणत्या कॉम्प्युटरला लावायची आहे, सर?" दुकानदाराने विचारले.

"कॉम्प्युटरला नाही. टॅबला," मी म्हणालो, "आणि जमलेच तर मोबाईललाही."

त्याने हातातले काम बाजूला ठेवले आणि माझ्याकडे नीट पाहिले. सदऱ्याला बाही एकच ठेवा असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे शिंपी ज्या नजरेने पाहील, त्याच नजरेने. मग तो हसून म्हणाला, "अहो, माझ्याकडे लोक वायरी काढून टाकायला येतात. लावायला आलेले तुम्ही पहिलेच!"

घरी आलो तर तेथेही स्वागत वेगळे झाले नाही. आमची कन्या नववीत आहे. त्या वयात बापाच्या अज्ञानाची जाणीव मुलांना प्रथमच होत असते, आणि तिचा आनंद त्यांना लपवता येत नाही. ती म्हणाली, "बाबा, मोबाईल म्हणजे हलता! त्याला वायर लावली तर त्याचे नाव तरी बदला." मुद्दा बिनतोड होता. ज्याला आपण मोठ्या हौसेने भ्रमणध्वनी म्हटले, त्याचे भ्रमण बंद करायचे आणि नुसता ध्वनी ठेवायचा, हे एखाद्या पोस्टमनला खुर्चीला बांधून ठेवण्यासारखेच झाले. आमच्या सौभाग्यवतींनी चर्चेत भाग घेतला नाही. दगडी भिंतीला भोक पाडायचे नाही, एवढेच त्यांनी सांगितले आणि त्या पोहे परतायला निघून गेल्या.

परंतु हा खटाटोप मी हौसेने आरंभलेला नव्हता. त्याच्या मागे एक गोष्ट होती, आणि ती गोष्ट एका शब्दाची होती.

आमचे घर कृष्णाकाठचे आणि जुने. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागे परसू. मधल्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड हात जाड. त्या बांधणाऱ्या पूर्वजांनी ऊन, थंडी, पाऊस आणि चोर या चौघांचा विचार केला होता. वायफायचा विचार त्यांना सुचला नाही, याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. इंटरनेटची पेटी सोप्यात आहे, कारण रस्त्यावरून येणारी तार तेथेच आत येते. आणि माझी आत्या माजघरात असते, कारण गेली दोन वर्षे तिचे गुडघे तिला उंबरा ओलांडू देत नाहीत.

आत्याचा मुलगा परदेशात असतो. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्याकडच्या शनिवारी रात्री, तो टॅबवर येतो आणि मायलेकरे बोलतात. त्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. आता घरोघरी रविवारी हेच चालते. विशेष एवढेच की आत्याला ऐकू येत नाही. कानात घालायचे यंत्र तिला आणून दिले होते. ते लावले की मुलाच्या आवाजाआधी घरातली सगळी भांडी बोलू लागतात, म्हणून तिने ते डब्यात घालून फडताळात ठेवून दिले. ती ओठ वाचते. कोणी शिकवले नाही. ऐकणे जसजसे उणे होत गेले, तसतसे पाहणे वाढत गेले. प, ब आणि म ही अक्षरे ओठांवर सारखीच दिसतात. त्यामुळे 'पाणी' आणि 'बाणी' यांत तिची गफलत होऊ शकते. पण पुढचे-मागचे शब्द पाहून, डोळे पाहून, मानेची हालचाल पाहून ती अर्थ लावते, आणि तो बहुधा बरोबर असतो. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलांना हे कौशल्य असते. गृहपाठ काय सांगितला हे त्यांना ऐकू आलेले नसते. पण मास्तरांचा चेहरा त्यांनी बरोबर वाचलेला असतो.

२०२४ सालच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. महिनाभर राहिला होता. रविवारची सकाळ होती, मी बाहेर गेलो होतो, घरातल्या बायका मागे परसात होत्या आणि आत्या टॅबसमोर एकटीच होती. मुलगा म्हणाला, "आई, यंदा दिवाळीला मी येणार नाही." तो 'येणार' म्हणाला आणि पडद्यावरचे चित्र गोठले. 'नाही' हा शब्द आला. पण तो नुसता आवाज होऊन आला. ओठ 'येणार' वरच थांबले होते. मान हलली असेल, तीही चित्राबरोबर अडकली. आत्या म्हणाली, "बरं बाळा, बरं." त्याला वाटले, आईने समजुतीने घेतले. तिला वाटले, मुलगा येतो आहे. दोघांनाही समाधान वाटले, आणि दोघांची समाधाने एकमेकांच्या अगदी विरुद्ध होती.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, याचा मी व्याकरण शिकवताना कधी फारसा विचार केला नव्हता. हिंदीत 'नहीं' क्रियापदाच्या आधी येते. इंग्रजीतही नकार मध्येच भेटतो. आपण मात्र माणसाला आशेच्या पायऱ्या चढवीत माडीपर्यंत नेतो आणि मग माडी नाही असे सांगतो. 'येणार', 'देणार', 'भेटणार' – सगळे काही हातात ठेवतो आणि शेवटी एका शब्दाने परत घेतो. तो शेवटचा शब्द वाटेत पडला तर मागे राहते ते वचन.

पुढचे तीन आठवडे आत्याने बसल्या जागेवरून घर हलवले. वरची खोली झाडून घेतली. गाद्यांना ऊन दाखवले. चकलीची भाजणी दुप्पट भाजायला लावली, कारण त्याला चकल्या आवडतात. आम्हीही आनंदाने सगळे केले, कारण आमचाही तोच समज होता. धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी आतेभावाचा मला दुसऱ्याच कामासाठी फोन आला, आणि मी सहज विचारले, "कोणत्या विमानाने येतोस?" पलीकडे तो गप्प झाला. त्याच्या गप्प होण्याचा अर्थ लावायला ओठ दिसण्याची गरज नव्हती.

आत्याला मी सांगितले. ती काही बोलली नाही. बराच वेळ टॅबच्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "माझ्याच बघण्यात चूक झाली असेल." तिची चूक झालेली नव्हती. तिने जे दिसले ते बरोबर वाचले होते. ते वाक्य मला फार लागले. चकल्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या. कोणालाही त्या गोड लागल्या नाहीत.

नंतर मी चौकशी केली तेव्हा एक गोष्ट कळली. माझे विज्ञान शालान्त परीक्षेपाशी संपलेले, तेव्हा जे समजले ते माझ्या बुद्धीच्या मापाने सांगतो. पडद्यावरून बोलताना चित्र आणि आवाज दोन्ही तुकड्यातुकड्यांनी येत असतात. वाट अरुंद झाली, तुकडे गळू लागले की व्यवस्था असे ठरवते की चित्राला थांबवावे आणि आवाजाला पुढे जाऊ द्यावे. बहुतेकांच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. चेहरा क्षणभर गोठला तरी चालते, बोलणे तुटता कामा नये. पण आत्याच्या बाबतीत हे नेमके उलटे होते. तिचा आवाज म्हणजेच चित्र. जगातल्या असंख्य लोकांच्या सोयीसाठी केलेला नियम माझ्या माजघरात एका म्हाताऱ्या बाईवर अन्याय करीत होता, आणि त्यात कोणाचाच दोष नव्हता.

मग वाट अरुंद का होते? वायफाय म्हणजे हवेतून चाललेले बोलणे. एका आडावर सगळ्यांनी घागरी आणाव्यात तसे ते आहे. एका वेळी एकच घागर आत जाणार. बाकीच्यांनी काठावर थांबायचे. आमच्या घरातले चार फोन, शेजारच्या घरातली पेटी, स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्हची भट्टी, सगळे त्याच हवेत. त्यात मध्ये दीड हात दगड. तारेचे तसे नसते. तार म्हणजे ज्याच्या त्याच्या दारापर्यंत आणलेला स्वतंत्र पाट. त्यात जायचा प्रवाह वेगळा आणि यायचा वेगळा. शेजारी किती पाणी भरतो आहे, याची विचारपूस करावी लागत नाही. आणि वेग किती, हा प्रश्न येथे मुळी महत्त्वाचाच नव्हे. एका माणसाचा चेहरा स्वच्छ दिसायला सेकंदाला थोडे मेगाबिट पुरतात. हवी असते ती अखंडता. तुपाची धार बारीक असली तरी चालते. ती तुटता कामा नये.

म्हणून टॅबला दावे बांधायचे ठरवले.

दुकानदाराने एक बोटभर लांबीचा अडॅप्टर दिला. त्याच्या एका टोकाला टॅबच्या चार्जिंगच्या भोकात बसणारी चपटी जीभ – तिला यूएसबी-सी म्हणतात – आणि दुसऱ्या टोकाला लॅनच्या वायरीचे चौकोनी तोंड. मी तो आधी माझ्या फोनला लावून पाहिला. माझा फोन जुना, त्याचे भोकही जुन्या वळणाचे. त्यासाठी दुसरी एक मधली शेपटी मागून आणली. फोन ढिम्म. अडॅप्टरचा दिवासुद्धा लागला नाही. दुकानदाराने कारण सांगितले, ते मला फार आवडले. यूएसबीच्या नात्यात एक यजमान असतो आणि एक पाहुणा. आपण फोन कॉम्प्युटरला जोडतो तेव्हा फोन पाहुणा असतो. वीज आणि आज्ञा दोन्ही यजमानाकडून येतात. पण फोनला अडॅप्टर जोडला की फोनला यजमान व्हावे लागते. पाहुण्याला ओळखायचे, त्याला वीज पाजायची, त्याचे काय हवे-नको ते पाहायचे. यालाच ओटीजी म्हणतात. काही जुन्या फोनांना हे जमत नाही. जन्मभर पाहुणे म्हणून राहिलेली माणसे यजमान व्हायची वेळ आली की अशीच गप्प बसतात. माझ्या पाहण्यात अशी दोन-तीन आहेत.

टॅब मात्र चांगल्या घरचा निघाला. त्याने लगेच यजमानपद पत्करले आणि अडॅप्टरचा हिरवा दिवा लागला. पण आतिथ्याचा खर्च असतोच. तासाभरात टॅबची बॅटरी झपाट्याने उतरली, आणि चार्जर लावायचा कोठे? भोक एकच, आणि त्यात पाहुणा बसलेला. मी पुन्हा दुकानात गेलो आणि चार्जरसाठी वेगळे भोक असलेला अडॅप्टर बदलून आणला. त्यातून टॅबला वीजही मिळते आणि तारही चालते. कोणी माझ्यासारखा उद्योग करणार असेल तर त्याने तो पहिल्याच फेरीत घ्यावा. दुकानदाराचे हसणे एकदाच ऐकावे लागेल.

आता वायर. सोप्यातल्या पेटीपासून माजघरातल्या आत्याच्या पलंगापर्यंत अठरा मीटर भरले. असली वायर शंभर मीटरपर्यंत चालते, तेव्हा लांबीची काळजी नव्हती. भिंतीला भोक पाडायला बंदी होती; पण दाराच्या वर एक जुना झरोका आहे, त्याच्या लाकडाला बोट जाईल एवढी फट होती. त्यातून नुसती वायर जाईल, टोकाचे प्लॅस्टिकचे बोंड जाणार नाही. म्हणून वीस मीटर मोकळी वायर, चार बोंडे, ती दाबून बसवायची पक्कड आणि जोडणी तपासायचे आठ दिव्यांचे एक यंत्र असा संसार घेऊन मी घरी आलो. पक्कड आणि यंत्र उसने.

माजघराकडच्या टोकाला बोंड बसवले आणि ते नुसते बसते का पाहावे म्हणून टॅबच्या अडॅप्टरमध्ये घातले. तेवढ्यात आतेभावाचा फोन आला. चित्र लख्ख! आत्या खूष. कन्येने बापाची क्षमा मागितली. सौभाग्यवतींनी चहा केला. "तारेची गोष्टच वेगळी," असे मी दोन वेळा म्हणालो. चहा संपल्यावर कन्या सोप्यात गेली आणि तेथून तिने विचारले, "बाबा, हे दुसरे टोक इथे नुसतेच लोंबते आहे, ते काय?"

त्या दिवशी हवाच चांगली होती, एवढाच त्याचा अर्थ. टॅब वायफायवरच चालला होता आणि श्रेय मात्र तारेने घेतले होते. तेव्हापासून मी शिकलो की तारेची परीक्षा घ्यायची तर आधी वायफाय बंद करावे. पडद्याच्या वरच्या कडेला दोन कोनांमध्ये तीन ठिपके, असे छोटे चिन्ह आमच्या टॅबवर उमटते. ते दिसले की समजावे, तार बोलू लागली. दोन आधार असले की कोणता खरा हे कळत नाही. माणसांचीही परीक्षा अशीच होते. पण त्या परीक्षेसाठी काही बंद करायची वेळ येऊ नये.

दुसरे टोकही जोडले. या वायरीच्या पोटात आठ बारीक तारा असतात. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची एक पांढऱ्या पट्ट्याची जोडीदारीण. प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून बसलेली. मी शिक्षक माणूस. मला नीटनेटकेपणाची खोड. मी जोडीने जोडी मांडली. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तीच रांग. तपासणीच्या यंत्रावर एकपासून आठपर्यंत दिवे ओळीने लागले. कोणाही मुलाला मी शंभरपैकी शंभर दिले असते. आणि टॅबवर ते चिन्ह उमटे आणि विझे, उमटे आणि विझे. पेटीकडून टॅबला जो तात्पुरता पत्ता मिळावा लागतो, तो कधी मिळे, कधी मिळत नसे. वायफायने एक शब्द गाळला होता. माझी तार अख्खी वाक्ये गाळू लागली.

शेवटी आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या एका मुलाला निरोप धाडला. तो आता गावात केबलची आणि कॅमेऱ्यांची कामे करतो. त्याने बोंड उजेडात धरले, पारदर्शक प्लॅस्टिकमधून एक क्षण पाहिले आणि म्हणाला, "सर, दिवे लागतील, पण नेट चालायचं नाही."

"का? दोन्हीकडे एकच क्रम आहे."

"क्रम एक आहे, पण जोड्या फुटल्यात." आणि बोंड कापून टाकीत त्याने एका दमात म्हटले, "व्हाइट ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट ग्रीन, ब्ल्यू, व्हाइट ब्ल्यू, ग्रीन, व्हाइट ब्राउन, ब्राउन."

मी पाहतच राहिलो. याच मुलाला पाच वर्षांत एकही कविता पाठ झाली नव्हती. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी स्वतःच्या हाताने 'पाठांतर असमाधानकारक' असा शेरा दिला होता. मी त्याला तो क्रम पुन्हा म्हणायला सांगितला. त्याने तो पुन्हा म्हटला, आणि बोटे तेवढ्यात तारा त्या क्रमाने सरळ करून बसलीसुद्धा. प्रगतिपुस्तके परत मागवता येत नाहीत, हे एका परीने बरे आहे. नाही तर किती शेऱ्यांवर रेघा ओढाव्या लागतील कोण जाणे!

"पण हिरवीची जोडी का फोडायची? मध्ये निळी कशाला?" मी विचारले.

"फोडायची नाही सर. तीन आणि सहा नंबरच्या जागा एकाच जोडीच्या असतात. तुम्ही सहावर निळी बसवली. मधल्या चार-पाचवर आधीपासून टेलिफोनची जोडी बसायची, म्हणून हिरवीला दोन्हीकडून बसावं लागतं."

मला एकदम उलगडा झाला. मध्ये घरातली वडीलधारी मंडळी आधीच येऊन बसली आहेत. म्हणून नव्या जोडप्याने त्यांच्या एका बाजूला एकाने आणि दुसऱ्या बाजूला एकाने बसायचे. पंगतीत शेजारी नसले तरी ते जोडपेच. बोंडाच्या आधीच्या सगळ्या वाटेवर ती दोघे एकमेकांना पीळ घालून आलेली असतात. मी पंगत पाहिली आणि लग्न विसरलो. हिरवीला तिच्या जोडीदारणीपासून तोडून एका परक्या निळीबरोबर संसाराला लावले, आणि तो संसार चालेना.

पिळाचे महत्त्वही त्यानेच सांगितले. जोडीतल्या दोन तारांतून एकच निरोप उलट-सुलट होऊन जातो. बाहेरचा खळखळाट, म्हणजे पंख्याचा, ट्यूबलाइटचा, शेजारच्या तारांचा, दोघींवर सारखाच पडावा म्हणून त्यांना पीळ. पलीकडच्या टोकाला दोघींतला फरक तेवढा मोजतात. सारखे पडलेले ते आपोआप वजा होते. निरोप उरतो, गोंगाट जातो. दोघांनी मिळून सोसले की सोसलेले वजा होते, हे गणित इतके सोपे असेल असे मला वाटले नव्हते.

त्या रात्री या पिळाविषयी वाचत बसलो. तारांच्या जोडीला पीळ देण्याची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची. १८८१ साली त्याने तिचे पेटंट घेतले. टेलिफोनचे पेटंट त्याच्या आधीचे, १८७६ चे. हे दोन्ही एका विद्युतशास्त्रज्ञाच्या नावावर आहेत असे मी धरून चाललो होतो. बेल मूळचा शिक्षक होता, बहिऱ्या मुलांचा शिक्षक. त्याच्या आईला ऐकू येत नव्हते. १८७७ साली त्याने लग्न केले ते मेबल हबर्डशी. ती त्याची विद्यार्थिनी होती. लहानपणीच्या आजारात तिचे ऐकणे गेले होते आणि ती ओठ वाचून बोलणे समजून घेत असे. म्हणजे ज्याच्या यंत्रामुळे सगळ्या जगाला दूरचा आवाज ऐकू येऊ लागला, त्याच्या स्वतःच्या बायकोला त्या यंत्रातून काहीच मिळण्यासारखे नव्हते. तिला चेहरा हवा होता. तो तारेवरून यायला पुढे किती काळ जावा लागला! आणि आता तो येतो आहे तो त्यानेच सुचवलेल्या पिळातून. मी दिवा मालवला. पण झोप लवकर आली नाही. माजघरात आत्या घोरत होती. स्वतःचे घोरणे तिला ऐकू येत नाही, आणि तिच्या सुखांपैकी ते एक आहे.

आणखी एक गंमत सांगतो. या तारेच्या व्यवस्थेचे नाव ईथरनेट. रॉबर्ट मेटकाफ याने २२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात तिची कल्पना एका टिपणात मांडली, आणि डेव्हिड बॉग्जच्या साहाय्याने ती उभी केली. त्याला ती सुचली हवाई बेटांवरून. तेथे १९७१ पासून 'अलोहा' नावाच्या जाळ्यात समुद्रापलीकडच्या बेटांवरची यंत्रे रेडिओने एकमेकांशी बोलत असत. म्हणजे तार जन्माला आली ती बिनतारीच्या पोटी! आपण समजतो, तार ही जुनी आजी आणि वायफाय ही तिची नात. वंशावळ पाहिली तर नाते इतके सरळ नाही. आणि ईथर म्हणजे काय? प्रकाश ज्याच्यातून वाहतो असे शास्त्रज्ञ मानीत असत, ते सर्वव्यापी द्रव्य. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी त्याचा माग काढायचा प्रयत्न केला आणि त्यांना तो लागला नाही. जे नाही असे ठरले, त्याचे नाव मेटकाफने तारेला दिले. माझ्या गोष्टीची सुरुवातही एका 'नाही'पासूनच झाली, म्हणून मला त्या नावाविषयी आपलेपणा वाटला.

त्या मुलाने दोन्ही टोके नव्याने बांधली, वायर झरोक्यातून घेऊन पट्टीत बसवली, उंदरांचा बंदोबस्त केला. वायफाय बंद केले. पडद्यावर दोन कोन आणि तीन ठिपके उमटले, आणि ते हलेनात. नंतर कन्येने आपला नवा फोनही त्या दाव्याला बांधून पाहिला. तोही मुकाट्याने चालला. "पण मी असं बसून नाही हं बोलणार," ती म्हणाली. तिने बसू नये. तिचे वय भ्रमणाचेच आहे. दावे त्याच्यासाठी, ज्याचे फिरणे संपले आहे आणि ज्याच्याकडे जगाने चालत यायला हवे. मुलाने मजुरी घ्यायला बरेच आढेवेढे घेतले. मी म्हणालो, "घे. कविता पाठ केलीस त्याचे बक्षीस समज." तो हसला. त्याला तो शेरा आठवत होता की नाही, हे मी विचारले नाही.

यंदा दिवाळीला महिना उरला असता रविवारी आतेभाऊ पडद्यावर आला. या वेळी मी मुद्दाम माजघरात बसून होतो, हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन. आत्याने चष्मा पुसला, टॅब जरा वर उचलून घेतला. इकडचे-तिकडचे बोलणे झाले. मग तो थोडा थांबला. त्याने चेहरा कॅमेऱ्याजवळ आणला आणि सावकाश, एकेक शब्द सोडवून म्हणाला, "आई, यंदाही मी येणार नाही."

चित्र हलले नाही, गोठले नाही. 'येणार' आले, त्याच्या मागून 'नाही' आले. मान दोन वेळा हलली तीही आली, आणि त्यानंतर त्याने खाली पाहिले तेही आले. सगळे आले. मी वह्यांत तोंड घातले. एवढा उपद्व्याप करून मी आत्यासाठी काय आणले होते, तर एक नकार. मला क्षणभर वाटले, दगडी भिंत होती तेच बरे होते.

आत्या थोडा वेळ पाहत राहिली. मग तिने पडद्यावर, त्याच्या खाली गेलेल्या चेहऱ्यावर, बोट ठेवले आणि म्हणाली, "अरे, वर बघ. खाली बघून बोललास तर मला कळायचं कसं?"

त्याने वर पाहिले. त्याचे डोळे भरले होते, तेही तारेने जसेच्या तसे आणून पोचवले. मग ती दोघे बराच वेळ बोलत बसली. त्याला सुटी का मिळत नाही, नातवाची परीक्षा केव्हा, उन्हाळ्यात तरी जमेल का. 'जमेल' म्हणाला तो. पण त्याच्या आधी 'बहुतेक' होते, आणि आत्याने तेही वाचले.

बोलणे संपल्यावर तिने मला हाक मारली. मी वायर काढायला वाकलो, तर म्हणाली, "राहू दे ती तशीच. पुढच्या रविवारी परत लावायला नको." आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, आपला आवाज केवढा आहे याचा अंदाज नसलेली माणसे बोलतात तशी मोठ्याने म्हणाली, "अगं, भाजणी यंदा निम्मीच भाज हो. या वेळी मला पुरतं कळलंय."